एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नवीन आलीस ना?

घाबरू नकोस गं, सुरुवातीला सगळ्यांचेच हात कापतात. कोकणातल्या पावसात कपाटातल्या चपलांना बुरशी धरते, ती वेगळी. इथली बुरशी म्हणजे कॅन्डिडा, ती बरेचदा आपल्याच हातांवरून बाळाकडे जाते.

- बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेव. इनक्युबेटरची खिडकी उघडण्याआधी आणि नंतर सॅनिटायझरने हात चोळ. ग्लोव्हज घातले की झालं, ही नव्यांची ठरलेली चूक.
- १००० ग्रॅमखालचं बाळ, त्यात सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), वर दिवसेंदिवस अँटिबायोटिक: तिथे जास्त लक्ष. राउंडला रोज विचार, 'लाइन अजून हवीय का?'

कॅन्डिडा रक्तात गेली हे कळायला तापाची वाट बघू नकोस. दूध पचत नाही, श्वास थांबतो, साखर चढते, प्लेटलेट्स उतरतात, एवढंच दिसतं. त्वचेवर बुरशी सापडली म्हणजे रक्तात गेलीच असं नाही, पण लगेच सांग. फ्लुकोनॅझोलचं, म्हणजे बुरशीवरच्या औषधाचं, डॉक्टर बघतील.