हत्ती दोन तास झोपतो, मग मला सात तास कशाला?

परीक्षा जवळ आली की सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली मुलं हमखास विचारतात, "झोप किती कमी केली तर चालेल?" यंदा हे इतक्यांदा ऐकलं की एकाची गोष्ट, ओळख पटणार नाही अशी बदलून, लिहिते आहे.

मुलगा लातूरकडचा, कॉट बेसिसवर राहणारा, एमपीएससीचा दुसरा प्रयत्न. रात्री दोनला आडवा व्हायचा, सहाला अलार्म.

"मॅडम, रानातला हत्ती दिवसाला दोन तास झोपतो. मेंदू आपल्या तिप्पट. मग मलाच सात तास कशाला?"

माहिती खरी होती. बोट्सवानात दोन रानटी हत्तिणींची झोप मोजली, ती सरासरी दोन तासच भरली. मी विचारलं, "उरलेला वेळ तो काय करतो?"

"खातो."

"दीडशे किलोच्या आसपास. पोट भरता भरता दिवस जातो. माणसाने पाळून आयता चारा दिला, की चार-सहा तास झोपतो."

तो गप्प झाला. मग वटवाघळाचं सांगितलं: एका छोट्या जातीचा मेंदू ग्रॅमभरही नाही, पण झोप वीस तासांच्या घरात. मेंदूच्या आकारावरून झोप ठरत नाही. पोट, शत्रू आणि जगण्याची रीत तिला वळण देतात.

पण खरी गाठ सुटली ती पुढच्या प्रश्नाने. "काल बारा ते दोन काय वाचलंस?"

"मूलभूत हक्क."

"कलम २१ अ कशाचं?"

उत्तर येईना. पुस्तक उघडलं तर ते कलम पिवळ्या हायलायटरने रंगवलेलं, शेजारी त्याच्याच अक्षरात 'नक्की येणार'. बराच वेळ तो त्या पानाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "झोपलो की चोरी केल्यासारखं वाटतं."

मला हवं होतं ते हेच वाक्य. प्रश्न तासांचा नव्हता, अपराधीपणाचा होता. हत्ती त्याने ढाल म्हणून पुढे केला होता. मग उंदरांचा प्रयोग कामी आला: फिरताना उंदराच्या मेंदूतल्या ज्या पेशी एकत्र काम करत होत्या, त्याच नंतरच्या गाढ झोपेतही पुन्हा एकत्र जाग्या होताना १९९४ मध्ये दिसल्या. वाचलेलं पक्कं करण्याचं काम झोपेत चालू असतं. ती अभ्यासाचीच पाळी आहे.

विचाराशी भांडत बसू नये, आधी वागणं बदलावं, या मताची मी आहे. म्हणून दोन आठवडे एवढंच करायला सांगितलं: उठणं सहालाच, रविवारीसुद्धा. बहुतेकांची गाडी रविवारी दहाला उठण्यातच घसरते. झोपायची वेळ दर दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे, अकरापर्यंत. एकदम अकराला पडलं तर नुसती कूस बदलणं होतं. चहा चारनंतर बंद, कारण पाचेक तासांनीही त्यातलं निम्मं कॅफिन अंगात उरलेलं असतं. दुपारची डुलकी वीस मिनिटं, तीनच्या आत; लांबली तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड होतं. वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर उठून मंद उजेडात बसायचं, मोबाईल बॅगेत. आणि सकाळी पुस्तक न उघडता कालचे मुद्दे लिहायचे.

तिसऱ्या आठवड्यात त्याने वही दाखवली. एका रकान्यात झोपेचे तास, दुसऱ्यात आठवलेले मुद्दे. चार तासांच्या रात्रींपुढे निम्मी ओळ रिकामी. हत्तीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

आठवड्यात तीन-चार रात्री झोपच लागत नाही आणि असं तीन महिने चाललंय, किंवा झोपेत घोरता घोरता श्वास अडकतो, तर मात्र वहीवर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा.