खणाच्या जॅकेटात दिवे शिवायचे तर आधी एकच दिवा लावा

ताई, तुमचा प्रश्न सकाळीच वाचला, पण जॅकेटाचा फोटो नीट बघितल्याशिवाय उत्तर द्यायचं नव्हतं. म्हणजे असं आहे: शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी बारा मुलींचं लेझीम पथक, खणाची जॅकेटं शिवून तयार, बाजारातली बॅटरीची माळ आत घातली तर दुसऱ्याच तालमीत तार तुटली. आता लेझीमच्या तालावर रंग बदलणारे, कापडात शिवता येणारे दिवे हवेत. शिलाई वीस वर्षांची आहे, कोडिंग अजिबात येत नाही.

यातलं अवघड काम शिलाईचं आहे, आणि ते तुम्हाला येतंय की! मी कॉम्प्युटर शिकलेली. बेळगावच्या वडगावात मागांच्या खडखडाटात वाढले तरी सुई कधी धरली नव्हती. पहिला प्रोग्राम एका संध्याकाळी चालला, पण दोरा बोर्डाला, म्हणजे दिवे चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या चकतीला, घट्ट बसवायला मला दोन महिने लागले.

आधी दोरा. स्टेनलेस स्टीलच्या बारीक तंतूंचा वीज वाहणारा दोरा मिळतो, ऑनलाइन मागवावा लागतो. ही तांब्याची तार नव्हे. जातीनुसार फुटाला साधारण 10 ते 30 ओहम रोध असतो, म्हणजे तेवढा तो वीज अडवतो. एका साध्या दिव्याला काही फरक पडत नाही, पण दिवे वाढले की शेवटचा मंद होतो. दोरा हातभरच घ्या, टोकाला मेण लावा, मोठ्या नेढ्याची सुई वापरा. सुटलेले तंतू शेजारच्या रेघेला टेकले की शॉर्ट झालंच.

टाका कुठला? मला शेजारच्या धारवाडच्या अक्कांनी कसुती या कर्नाटकी भरतकामातला गावंती टाका शिकवला होता, तोच इथे कामी आला. जाताना धावदोरा घालायचा, येताना त्याच भोकांतून मोकळ्या जागा भरायच्या. कापडावर रेघ एकच दिसते, पण वीज जायला दोन वाटा होतात आणि रोध जवळपास निम्मा होतो. मात्र गावंती दोन्ही अंगांनी सारखीच उघडी असते, म्हणून आतून अस्तर हवंच. घामाने ओलं झालेलं कापडही थोडी वीज वाहतं.

बोर्डाच्या किंवा दिव्याच्या भोकातून एकदा टाका घालून पुढे जाऊ नका. तीन-चार वेढे, प्रत्येक वेळी ओढून. नखाने हलवल्यावर दिवा लुकलुकला तर उसवा आणि परत घाला. गाठीवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब, आणि सुकल्यावरच टोक कापा. स्टीलचा दोरा ताठ असतो, नुसती गाठ आपोआप सुटते.

आता पहिला सराव. जॅकेटावर करू नका, खणाच्या उरलेल्या तुकड्यावर करा. एक साधा एलईडी, एक नाण्यासारखा चपटा सीआर 2032 सेल आणि त्याचं शिवता येणारं घर. एलईडीचा लांब पाय प्लसचा. बारीक पक्कडीने त्याची गोल कडी करा, आखूड पायाची चौकोनी. म्हणजे कापडावर बसल्यावरही कुठला कोण ते ओळखता येतं. प्लसकडून प्लसकडे एक रेघ, दोरा तोडा, मग मायनसची वेगळी रेघ. नव्या माणसाकडून हमखास होणारी चूक म्हणजे दोरा न तोडता दिव्याखालून तसाच पुढे नेणं. मग वीज दिव्यात न जाता दोऱ्यातूनच निघून जाते. दुसरा दिवा जोडाल तेव्हा त्याच दोन रेघांवर शिडीच्या पायऱ्यांसारखा शेजारी जोडा आणि रंग एकच ठेवा. लाल दिवा साधारण 2 व्होल्टवर पेटतो, निळ्या-पांढऱ्याला 3 च्या आसपास लागतात. एकत्र लावले की लाल सगळं खाऊन टाकतो.

जरीचं मुद्दाम सांगते. माझं पहिलं पोलकं आजीच्या साडीचा काठ लावून शिवलेलं होतं. दोन्ही रेघा काठावरून नेल्या, सगळं दोनदा तपासलं, दिवा काही लागेना आणि सेल कोमट झाला. अर्धी रात्र गेली. खरी जर धातूची असते हे घरात मागाच्या गप्पा ऐकून माहीत होतं, पण विजेशी त्याचा संबंध डोक्यातच आला नव्हता. तुमच्या फोटोत जॅकेटाच्या कडेला जरीची पट्टी दिसतेय. मल्टिमीटर (वीज तपासायचं छोटं यंत्र) बीपवर ठेवून त्याची दोन्ही टोकं पट्टीवर टेकवा. वाजला तर तिथून दोरा नेऊ नका. प्लास्टिकची चमकी बहुधा वाजत नाही.

आता बोर्ड. कापडात शिवायचे बोर्ड रूढ झाले ते संशोधक लेआ ब्यूकली यांच्या लिलीपॅड आर्डुइनो या बोर्डामुळे. तो 2007 मध्ये बाजारात आला. गोल, पातळ, कडेने फुलासारखी मोठी भोकं. तुमच्या कामाला मात्र मी सर्किट प्लेग्राउंड एक्सप्रेस हा बोर्ड सांगेन. दोन इंचांच्या चकतीवर 10 रंगीत दिवे आणि हालचाल ओळखणारा सेन्सर आधीच बसवलेला असतो. म्हणजे नुसता बोर्ड छातीवर शिवला तरी काम होतं. मेककोड नावाच्या संकेतस्थळावर रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्राम होतो. ‘हलवल्यावर’ या ठोकळ्यात ‘दिव्यांचा रंग बदला’ बसवा, फाइल उतरवून घ्या, बोर्डावरचं रिसेट बटण दोनदा दाबा आणि पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या जागेत ती टाका. लेझीमचा झटका त्या सेन्सरला पुरतो. बोर्ड कॉम्प्युटरवर दिसत नसेल तर आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमधून फाइल जात नाही.

बोर्डाबाहेर आणखी रंगीत दिवे लावायचे झाले तर निओपिक्सेल घ्या, म्हणजे प्रोग्रामने प्रत्येकाचा रंग वेगळा बदलता येणारे दिवे. प्रत्येकाला प्लस, मायनस आणि डेटा अशा तीन रेघा, आणि डेटा बाणाच्याच दिशेने. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा 60 मिलिअँपिअरपर्यंत ओढतो. असे दहा म्हणजे 600, आणि तेवढं दोऱ्याला झेपत नाही. चार-पाचांच्या पुढे प्लस-मायनसला मऊ सिलिकॉनची बारीक तार टाकून वरून टाके घाला. प्रोग्राममध्ये उजेड 255 पैकी 40 वर ठेवला तरी रात्रीच्या मिरवणुकीत भरपूर दिसतो.

बारा जणींना बारा बोर्ड महाग पडतील. पुढे नाचणाऱ्या दोघींना बोर्ड द्या, बाकीच्यांना साधे शिवलेले दिवे. लांबून पथक एकसारखंच दिसतं.

बॅटरीच्या बाबतीत मी कडक आहे. मुलींच्या अंगावर चपटी लिथियमची पिशवी नको. वाकली किंवा सुई लागली तर पेट घेऊ शकते. तीन एएए सेलचा, बटण असलेला डबा घ्या, 4.5 व्होल्ट होतात. बटण डब्यावरच हवं, कारण या बोर्डावरची सरकपट्टी वीज बंद करत नाही. डबा कमरेच्या खिशात ठेवा. नाण्यासारखे सेल घरातल्या लहानग्यांच्या हाती लागता कामा नयेत. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. शंका आली तरी थेट दवाखाना गाठा.

बोर्ड आणि दिवे वेगळ्या कापडी तुकड्यावर शिवा आणि तो तुकडा जॅकेटाला टिचबटणांनी लावा. धुताना काढता येतो, आणि बेळगावची शिवजयंतीची मिरवणूक वैशाखात असते, तेव्हा वळीव आला तर क्षणात उतरवून पिशवीत टाकता येतो. आपल्याकडच्या मिरवणुकीत हे होणारच.

आधी खऱ्या मापाचा कागद घेऊन प्लसच्या रेघा लाल, मायनसच्या काळ्या काढा आणि फोटो इथेच टाका. कुठे एकमेकींना ओलांडतात ते बघून सांगते. तोवर जॅकेटांचं अस्तर बंद करू नका.