ताई, नोटरीवर जागा घेऊ नका

पलूस तालुक्यातल्या ताईंची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. घरकुलाच्या यादीत नाव आहे, बांधायला जागा नाही, आणि गावातला एकजण स्टॅम्पवर नोटरी करून शेतातला एक गुंठा द्यायला तयार आहे, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. नका घेऊ. विसारसुद्धा देऊ नका.

2019 मध्ये आम्ही नेमकं हेच केलं. तासगावकडं द्राक्षबागांत छाटणीला जायचो, स्वतःची जमीन फुटभर नाही. यादीत आईचं नाव आलं. दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून तेव्हा 50 हजार मिळायचे (आता 1 लाख झालेत). प्रस्ताव जिथं द्यायचा त्या कार्यालयात मी स्वतः जाऊन विचारलं, नोटरी चालते का? टेबलावरच्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "चालतंय, आणा." बायकोनं बचत गटातून 40 हजार उचलले, 20 हजार घरातले, आणि गुंठा घेतला. दोन महिन्यांनी त्याच टेबलावर प्रश्न आला, नोंदणीकृत खरेदीदस्त कुठाय? दस्त नोंदवायला दुय्यम निबंधकांकडं गेलो तर तुकडेबंदी (शेतजमिनीचे लहान तुकडे विकायला मनाई करणारा कायदा) आडवी आली, शेतातल्या एका गुंठ्याचा दस्तच होईना. वर विकणाऱ्याचा भाऊ उभा राहिला, त्याचं नाव सातबाऱ्यावर होतं आणि सही नव्हती. ‘चालतंय’ कोण म्हणालं होतं, ते त्या कार्यालयात कुणालाच आठवेना. माझ्याकडं कागदाचा एक कपटाही नव्हता. 60 पैकी 25 हजार परत मिळाले. गटाचे हप्ते दोन वर्षं फेडत होतो, त्यातला एक पावसाळा आईनं प्लास्टिकच्या कागदाखाली काढला. आजही तो रस्ता लागला की पोटात कालवतं.

म्हणून कुठलाही प्रश्न लेखी अर्जावरच विचारा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या. पोच द्यायला खळखळ करतील. पोच मिळाल्याशिवाय तिथून हलू नका. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात त्याबद्दलच्या नियमाची प्रत मागा, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि 30 दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.

तुमच्यासाठी एक वाट आहे जी आम्हाला नव्हती. 2024 मध्ये तुकडेबंदीचे नियम बदलले. ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्याला 1000 चौरस फुटांपर्यंत जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं घेता येते. आधी मंजुरी, मग दस्त, आणि पैसे दस्ताच्या दिवशीच. सातबाऱ्यावर जेवढी नावं तेवढ्या सह्या. माझं मत विचाराल तर त्याआधी ग्रामसभेत उभं राहून गावठाणात मोकळी जागा आहे का ते विचारा आणि प्रश्न प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायला लावा. मी वकील नाही, भोगलंय तेवढंच सांगतोय. नियम बदलतात, पंचायत समितीत खात्री करून घ्या.

तुमच्या पोस्टखाली कुणीतरी तुम्हाला सांगलीच्या बेघर निवारा केंद्रात जा म्हणून सुचवलंय. ती सोय शहरातल्या फुटपाथवर, स्टँडवर झोपणाऱ्यांसाठी आहे आणि फार मोलाची आहे. एखादी रात्र धोक्याची वाटली तर जरूर जा. पण कायमचं गाव सोडू नका. पडताळणीला माणूस आला आणि तुम्ही सापडला नाहीत तर ‘कायम स्थलांतरित’ असा शेरा पडून यादीतलं नाव जातं. आमच्या शेजारच्या कुटुंबाचं ऊसतोडीला गेल्यामुळं असंच गेलं. काही दिवस गावाबाहेर राहायला जाताना ग्रामसेवकाला लेखी कळवा, पोच घेऊन.

आणि पती गेलेले असतील, त्यांच्या मृत्यूचा दाखला हाताशी असेल, तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये आजच द्या. महिना 1500 रुपये मिळतात, त्याला जागा लागत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यावर वर्षाला 21 हजारांच्या आतलाच आकडा लागतो, दाखला काढण्याआधी तलाठ्याशी बोला. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, तेवढं बघा. त्या विकणाऱ्यानं काही कागद दिला असेल तर फोटो इथं टाका, नावं झाकून. मी रात्री बघतो.