पॉज करून विचारा : गेम जे सांगत नाही ते

या वेळी बहुतेक प्रश्न एकाच धाटणीचे आलेत. गेममध्ये अमुक एक गोष्ट दिसली, कोणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, तर तिचा अर्थ काय? म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. स्पॉयलर भरपूर आहेत, ज्याने तो गेम संपवला नसेल त्याने तो प्रश्न सोडून पुढे जावं.

प्रश्न : ताई, शॅडो ऑफ द कोलोससचा रिमेक आत्ताच संपवला. हिरो सुरुवातीला चांगला धडधाकट, आणि शेवटी पार मढ्यासारखा दिसायला लागतो, अंगावर काळे डाग, डोक्यावर शिंगासारखं काहीतरी. त्यावर कोणीच काही बोलत नाही. माझा एखादा कटसीन, म्हणजे मधे येणारा गोष्टीचा व्हिडिओ, स्किप झाला का? आणि शेवटी ते शिंगवालं बाळ कुठून आलं?
— एक वाचक, कोल्हापूर

नाही रे, काही स्किप झालेलं नाही तुझं. फुमितो उएदा आणि त्यांच्या टीमने 2005 मध्ये प्लेस्टेशन 2 वर हा गेम आणला तेव्हापासून तो असाच आहे, आणि ब्लूपॉइंट स्टुडिओने 2018 मध्ये रिमेक केला तेव्हा ग्राफिक्स सगळे नवे केले पण ही शांतता तशीच ठेवली, त्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत.

सुरुवात आठव. वाँडर, म्हणजे आपला हिरो, मेलेल्या मोनो नावाच्या मुलीला घोड्यावर घालून त्या निषिद्ध प्रदेशात येतो, तिथल्या देवळात डॉर्मिन नावाच्या शक्तीचा आवाज म्हणतो की 16 कोलोसस, म्हणजे डोंगराएवढे जीव, मार, मग ती कदाचित उठेल, पण किंमत मोठी असेल. वाँडर म्हणतो चालेल. बस्, एवढंच बोलणं, त्यानंतर किंमतीचा हिशोब कोणी तोंडाने सांगत नाही, तो तुझ्या डोळ्यांसमोर चालू असतो. प्रत्येक कोलोसस पडला की त्याच्या अंगातून काळे धागे निघतात आणि वाँडरच्या अंगात घुसतात, तू लांब पळालास तरी ते गाठतातच. मग तो कोसळतो आणि देवळात जागा होतो, पण जाग यायच्या आधी त्याच्याभोवती काळ्या सावल्या उभ्या असतात, जितके मारलेस तितक्या. तिकडे मोनोभोवती पांढरी कबुतरं, तीही कोलोससमागे वाढत जातात. म्हणजे एका बाजूला काळं साठतंय, दुसऱ्या बाजूला पांढरं, आणि मधे तू तलवार घेऊन पुढच्या शिकारीला निघालायस. चेहरा इतका हळूहळू बदलतो की खेळता खेळता कळतच नाही. रिमेकमध्ये फोटो मोड आहे, पुन्हा खेळलास तर पहिल्या कोलोससनंतर एक फोटो काढ, बाराव्यानंतर एक काढ, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघ.

आणि मला यातलं सगळ्यात जास्त टोचणारं कुठलं सांगू, तेरावा कोलोसस. तो वाळवंटावरून उडणारा प्रचंड लांब जीव, फॅलँक्स. तो तुझ्यावर हल्ला करतच नाही! तो आपला आकाशात फिरत असतो, तूच त्याच्या अंगाखालच्या पिशव्यांवर बाण मारतोस, तो खाली येतो, तूच घोडा पळवून त्याच्या पंखावर चढतोस. तो पडतो तेव्हा वाजणारं कोउ ओतानींचं संगीत पण जिंकल्याचं नाही, कोणीतरी गेल्याचं आहे. एकही पात्र येऊन म्हणत नाही की अरे तू हे बरोबर करतोयस का. तो प्रश्न खेळणाऱ्यालाच पडावा लागतो, आणि तोपर्यंत बटण त्यानेच दाबलेलं असतं.

आता शिंगं. याच टीमचा 2001 चा इको हा गेम बघ, त्यात शिंगं घेऊन जन्मलेल्या मुलांना अपशकुनी समजून एका किल्ल्यात नेऊन बंद करतात. तुला शेवटी दिसलेल्या बाळाला त्या मुलांशेजारी ठेव, बाकीचं तुझं तू जुळव, कारण गेममध्ये तो धागा कोणी गाठ मारून दिलेला नाही. डॉर्मिनची स्पेलिंग उलटी वाचली की निम्रोड होतं, बायबलमधला पराक्रमी शिकारी, हेही लोक शोधून काढतात आणि ते छानच आहे, पण ते माहीत नसलं तरी तुझं काही अडत नाही. सावल्या मोजल्यास तर मात्र गोष्ट कळते.

जाता जाता अजून एक, लोक वर्षानुवर्षं सतरावा कोलोसस शोधत होते, त्या नकाशाचा कोपरान् कोपरा पालथा घातला, सापडला नाही. रिमेकवाल्यांनी त्या शोधणाऱ्यांसाठी 79 सोन्याची नाणी लपवली आणि ती सगळी गोळा केली की देवळात एक दार उघडतं, आत डॉर्मिनची तलवार. कौतुक आहे मला त्या शोधणाऱ्यांचं.

प्रश्न : जुन्या सायलेंट हिल 2 मध्ये बायकोचं पत्र इन्व्हेंटरीत, म्हणजे जवळच्या सामानाच्या यादीत, असतं, ते नंतर कोरं झालं आणि मग गायबच. मी सेव्ह फाइल करप्ट झाली म्हणून परत सुरू केला, पुन्हा तेच. बग आहे का हा? आणि मला पाण्यात बुडायचं एंडिंग आलं, मी चूक काय केली?
— एक वाचक, नाशिक

बग नाही, आणि तुम्ही चूकही काही केली नाही.

गेमचा नायक जेम्स या गावात येतो कारण तीन वर्षांपूर्वी वारलेल्या बायकोचं, मेरीचं त्याला पत्र आलंय. निदान तो तसं समजतो. ते पत्र मध्ये मध्ये उघडून बघणारे फार कमी असतात, एकदा वाचलं की परत कोण बघतंय, आणि नेमकं तिथेच गेम बनवणाऱ्या टीम सायलेंटने हे करून ठेवलंय. सत्य जसं जवळ येतं तसं अक्षरं जातात, कोरा कागद राहतो, मग तोही राहत नाही. म्हणजे ते पत्र नव्हतंच कधी. 2001 मधला गेम आहे हा, आणि इन्व्हेंटरीसारख्या रुक्ष जागेत, जिथे आपण गोळ्या आणि औषधं मोजायला जातो, तिथे त्यांनी गोष्टीचा कणा ठेवला.

तसंच ते अपार्टमेंटमधलं प्रेत, टीव्हीसमोर खुर्चीत बसलेलं. कपडे नीट बघा त्याचे, जेम्ससारखेच आहेत. आणि पिरॅमिड हेड हा राक्षस, मासाहिरो इतोंनी काढलेला, तो काही साधा बॉस, म्हणजे हरवायचा मोठा शत्रू, नाही, जेम्सला स्वतःला शिक्षा करून घ्यायची होती म्हणून तो आहे, आणि जेम्सने ते कबूल केल्यावर त्याचं कामच संपतं. लॉरा नावाची लहान पोरगी त्याच गावात बिनधास्त हिंडते कारण तिच्या मनावर काही ओझं नाही, तिला एकही राक्षस दिसत नाही.

आता तुमचं एंडिंग. गेम तुमच्याकडे पूर्ण वेळ बघत असतो आणि कुठेच सांगत नाही. गावात भेटणाऱ्या अँजेलाने दिलेला चाकू इन्व्हेंटरीत पुन्हा पुन्हा बघितलात का? जखमी असताना औषध न घेता तसंच फिरत राहिलात का? हॉस्पिटलच्या गच्चीवरची डायरी वाचलीत का? या सगळ्याची बेरीज होते आणि गेम ठरवतो की या जेम्सला जगायचं नाहीये. मेरीचा फोटो आणि पत्र बघत राहिलात, तब्येत सांभाळलीत, तर तो गावाबाहेर पडतो. मेरीसारख्याच दिसणाऱ्या मारियाच्या जवळ राहत गेलात तर तिसरंच. बाकी गेम विचारतात की एक निवडा, दोन निवडा. हा विचारत नाही, तुमच्या सवयी वाचतो. तुम्ही बहुतेक औषधं पुढच्या बॉससाठी जपून ठेवली असणार, आपण सगळेच ठेवतो, पण त्या गावात त्याचा अर्थ वेगळा होतो आणि मला हे आजही थरारक वाटतं.

2024 च्या रिमेकमध्येही असंच एक कोडं आहे. ठिकठिकाणी मिळून 26 फोटो सापडतात, प्रत्येकावर एक ओळ लिहिलेली. फोटोतल्या वस्तू मोजायच्या आणि त्या ओळीतलं तितकावं अक्षर घ्यायचं, की वाक्य बनतं, तू इथे वीस वर्षं आहेस. गेम आला त्याच वर्षी एकाने ते सोडवलं आणि रिमेक बनवणाऱ्या ब्लूबर टीमच्या मुख्य डिझायनरने त्याचं जाहीर कौतुक केलं.

प्रश्न : डार्क सोल्समध्ये सुरुवातीला गिफ्ट म्हणून पेंडंट घेतलं. शेवटपर्यंत उपयोग सापडला नाही. कुठे वापरायचं?
— एक वाचक, सोलापूर

खास असं कुठेच नाही. गेम 2011 चा, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी आधी मुलाखतीत सांगितलं होतं की मी असतो तर पेंडंट घेतलं असतं नाहीतर काहीच नाही, त्यावर लोकांनी जग पालथं घातलं, आणि नंतर त्यांनीच सांगितलं की तो खोडसाळपणा होता. मला हे मनापासून आवडलं नाही, कारण त्यांच्या गेममध्ये खरं दडवलेलं इतकं आहे की खोट्याची गरज नव्हती. लहानपणी ते इंग्रजी कल्पनारम्य पुस्तकं वाचायचे, पूर्ण कळायची नाहीत, मग न कळलेल्या जागा चित्रं बघून मनाने भरायचे, असं ते सांगतात, आणि गेमही त्यांनी तसाच बनवलाय, अर्धी गोष्ट आयटमच्या वर्णनात, अर्धी गाळलेली.

पेंडंट सोड, सिफ लांडग्याकडे जा. हेल्थ कमी झाली की तो लंगडायला लागतो, तलवार तोंडात धरून वार करायला जातो आणि तोल जातो त्याचा. आणि नंतर आलेल्या डीएलसीमध्ये, म्हणजे गेमच्या जोडभागात, आधी जाऊन छोट्या सिफला वाचवलंस, मग या लढाईला आलास, तर सुरुवातीचा कटसीनच बदलतो, तो तुला हुंगतो, ओळखतो, आणि तरी लढतो. हे कोणी सांगितलं नाही तर अर्ध्या लोकांना कळणारच नाही.

प्रश्न : जीटीए 5 मधल्या माउंट चिलियाडच्या भिंतीवरच्या चित्राचा अर्थ काय? माझा भाऊ रात्र रात्र जागतोय. जेटपॅक, म्हणजे पाठीवर बांधून उडायचं यंत्र, मिळतो का?
— एक वाचक, पिंपरी

स्टोरी मोडमध्ये मिळत नाही, भावाला झोपायला सांगा. जे मिळतं ते असं, गेम शंभर टक्के पूर्ण करून पहाटे 3 वाजता पाऊस असताना डोंगराच्या माथ्यावर उभं राहिलं की वर उडती तबकडी दिसते. 2013 मध्ये गेम आला तेव्हापासून लोक त्या चित्रातल्या चौकोनांच्या आणि रेषांच्या थिअऱ्या मांडतायत. 2017 च्या शेवटी जीटीए ऑनलाइनमध्ये जेटपॅकसारखं वाहन आलं, विकत घ्यायचं, तिथे काही चित्र वाचावं लागत नाही. माझं मत विचाराल तर हे रहस्य गोष्टीला चिकटलेलं नाही. मायकल, फ्रँकलिन, ट्रेव्हर या गेमच्या तीन नायकांपैकी कोणाचंही त्या चित्राने काही बदलत नाही, म्हणून ते शोधायला मजा येते पण त्यातून हाती काही लागत नाही.

प्रश्न : आपल्याकडच्या गेममध्ये असं काही असतं का? लेक राजी खेळते, मी शेजारी बसून बघते. ती गोल फिरवायची कोडी मध्येच का येतात?
— एक आई, पुणे

तुम्ही पुण्याच्याच, आणि राजी : अॅन एन्शंट एपिक हा 2020 चा गेमही पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा. राजी आणि गोलू ही डोंबाऱ्यासारखे खेळ करणारी भावंडं, राखी पौर्णिमेच्या जत्रेत असुर हल्ला करतात आणि गोलूला उचलून नेतात. इथे राखी बांधणारीच रक्षण करायला निघते, भाऊ वाट बघत राहतो. गेम हे बोलून दाखवत नाही, पण तुमच्या लेकीला ते नक्की पोचलं असणार.

भिंतींवरच्या चित्रांपाशी थांबलं की दुर्गा आणि विष्णू त्यांच्या कथा सांगतात. ते ऐकायला गोड आहे, परदेशातल्या मुलांसाठी गरजेचंही आहे, पण मला त्याहून ती तुम्ही म्हणताय ती मंडलाची कोडी जास्त आवडतात. तुटलेले गोल फिरवत फिरवत चित्र जुळलं की राजीची गोलूबरोबरची आठवण उभी राहते. लढाई थांबते, घाई थांबते, आणि आठवण जुळवायचं काम खेळणाऱ्याच्या बोटांना करावं लागतं, कोणी ती आयती दाखवत नाही. कटसीन छायाबाहुल्यांच्या खेळासारखे आहेत, त्यामुळे गोष्ट पडद्यामागून कोणीतरी सांगतंय असं वाटत राहतं.

शेवट मात्र अर्धवट वाटतो, त्याला मी गूढ म्हणणार नाही, तिथे गोष्ट पुढे जायला हवी होती. लेक विचारेलच गोलूचं पुढे काय झालं म्हणून. तिलाच सांगा पुढचं चित्र काढायला, आणि काढलं तर आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू.