ठसा आणि ठसा उमटवणारा

प्रश्न : मी ख्रिस्ती आहे आणि दर रविवारी उपासनेला जाते. आईच्या निधनानंतर, वर्षभरापूर्वी, मी समुपदेशन घेऊ लागले. समुपदेशकांच्या सांगण्यावरून स्वप्नांची वही ठेवली आणि स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्याविषयी वाचू लागले. ख्रिस्त हे माणसाच्या ‘स्व’चे प्रतीक आहे, हे त्यांचे म्हणणे वाचल्यापासून प्रार्थनेला बसले की मन अडखळते : मी देवाशी बोलते आहे की माझ्याच नेणिवेशी? आमचे पाळक म्हणतात, ही पुस्तके बाजूला ठेवा. समुपदेशक म्हणतात, प्रतीक उलगडले की देवाची गरज उरत नाही. परवा स्वप्नात मी रिकाम्या उपासनामंदिरात वेदीकडे पाठ करून उभी होते. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : आईच्या जाण्याने आधीच हललेल्या मनाला प्रार्थनेचाही आधार वाटेनासा व्हावा, हे फार कठीण आहे, म्हणून थेट मूळ शंकेकडे वळतो. युंग यांच्या लेखी प्रतीक म्हणजे कल्पित वस्तू नव्हे. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयॉन’ या ग्रंथात त्यांनी ख्रिस्ताला ‘स्व’ या आदिबंधाचे, म्हणजे माणसाच्या मनात मुळातच असलेल्या संपूर्णतेच्या साच्याचे, प्रतीक म्हटले, ते ख्रिस्ताची प्रतिमा माणसाच्या मनात कोणते कार्य करते एवढ्यापुरते. आपल्या शास्त्राची हद्दही त्यांनी अन्यत्र आखून दिली आहे : धर्माचा भर ठसा उमटवणाऱ्यावर असतो, मानसशास्त्राचा ठशावर. लाखेवर उमटलेली मोहोर भिंगाखाली धरून कितीही न्याहाळली, तिच्या रेघा, खाचा, तडे नोंदवले, तरी ती कोणाच्या हाताने उमटली हे लाख सांगू शकत नाही, आणि हात नव्हताच असेही सांगू शकत नाही. ‘देवाची गरज उरत नाही’ हे तुमच्या समुपदेशकांचे वाक्य म्हणूनच मला खटकले. ते त्यांचे वैयक्तिक मत असू शकते, पण तो मानसशास्त्राचा निष्कर्ष नव्हे.

असे मत मांडणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांचे. असहाय बालकाला वडिलांचा जो आधार वाटतो तोच मोठेपणी देवाच्या रूपात शोधला जातो, असे त्यांनी १९२७ साली एका पुस्तकात मांडले. त्यांचे स्नेही ऑस्कर फिस्टर हे झुरिकचे पाळक होते आणि मनोविश्लेषकही. त्यांनी दुसऱ्याच वर्षी छापील उत्तर दिले आणि त्यानंतरही त्या दोघांचा स्नेह टिकला. शिवाय फ्रॉइड यांनी त्याच पुस्तकात भ्रम आणि चूक यांत फरक केला होता. एखादी श्रद्धा इच्छेतून जन्मली म्हणून ती खोटीच ठरते असे नाही, हे त्यांनाही मान्य होते.

युंग यांची तळमळ समजून घ्यायची तर त्यांच्या घरात डोकवावे लागते. त्यांचे वडील स्वित्झर्लंडमध्ये रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट पंथाचे पाळक होते आणि दृढीकरणाचे, म्हणजे मंडळीचा पूर्ण सभासद होण्याच्या विधीआधीचे, धडे मुलाला तेच देत. एकच देव तीन व्यक्तींत कसा, या कोड्याने भारलेला मुलगा त्या पाठाची आतुरतेने वाट पाहत होता. तो पाठ आला तेव्हा वडील म्हणाले, हा आपण सोडून देऊ, मला स्वतःलाच त्यातले काही कळत नाही. वडिलांच्या प्रामाणिकपणाचे त्याला कौतुक वाटले, पण निराशाही तितकीच खोल होती. धर्म अनुभवाला यावा, नुसता मान्य केलेला नसावा, हा युंग यांचा जन्मभराचा आग्रह मला त्या खोलीत सुरू झालेला दिसतो.

तरीही तुमच्या पाळकांची धास्ती निराधार नाही. पुस्तके बाजूला ठेवा असे मी म्हणणार नाही, पण युंग आणि ख्रिस्ती श्रद्धा यांच्यात एक खरा तंटा आहे आणि तो दुष्टतेविषयी आहे. संत ऑगस्टीन यांच्यापासून चालत आलेली शिकवण अशी, की दुष्टतेला स्वतःचे अस्तित्व नाही. ती चांगुलपणाची उणीव आहे. युंग यांना हे पटेना. माणसाच्या काळ्या बाजूला, ज्याला ते ‘छाया’ म्हणत, ही शिकवण फार हलके लेखते असे त्यांना वाटे, आणि १९५२ साली बायबलमधल्या ईयोबावर, निर्दोष असूनही दुःख भोगणाऱ्या माणसावर, लिहिताना ते देवाच्याच ठायी काळी बाजू असल्याचे म्हणण्यापर्यंत गेले. डॉमिनिकन या कॅथलिक संघाचे इंग्रज धर्मगुरू व्हिक्टर व्हाइट त्यांचे मनापासूनचे सहप्रवासी होते, पण याच मुद्द्यावर दोघांत दुरावा आला. माझ्या मते येथे व्हाइट यांची बाजू अधिक भक्कम आहे, कारण मनातल्या देवप्रतिमेत अंधार आढळला म्हणून देवातच अंधार आहे असे म्हणणे म्हणजे युंग यांनी स्वतः आखलेली हद्द ओलांडणे होय. लाखेला तडा असेल, म्हणून मोहोरेलाही तो आहे असे होत नाही.

तुमच्या स्वप्नाचा अर्थ मी सांगणार नाही. पत्रावरून स्वप्ने उलगडणे अप्रामाणिकपणाचे होईल. वहीत मात्र ते जसेच्या तसे लिहून ठेवा : मंदिरात उजेड होता का, दार कोणत्या बाजूला होते, तुम्ही कशाकडे पाहत होतात. समुपदेशकांशी बोलताना ते आईविषयी, रागाविषयी, रितेपणाविषयी काय सांगते हे शोधा. प्रार्थनेत तेच स्वप्न देवापुढे ठेवा, अगदी ‘मी पाठ फिरवून उभी होते’ या शब्दांत. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत याहून कठोर तक्रारी देवापुढे मांडलेल्या आहेत. आणि पुढच्या भेटीत समुपदेशकांना शांतपणे विचारा, की देवाविषयी त्यांनी जे म्हटले ते तुमच्या उपचाराचा भाग होते की त्यांचे स्वतःचे मत. तुमच्या श्रद्धेला हात न लावता काम करण्याची त्यांची तयारी नसेल, तर दुसरा समुपदेशक शोधण्यात काहीही गैर नाही.