आधी सुधारायचं की आधी देवाकडे जायचं?

तुम्ही विचारलंय की दारू अजून सुटलेली नाही, अशात चर्चला गेलो तर देव स्वीकारेल का की आधी सुधारून मग जायचं, आणि आहे तसाच स्वीकारत असेल तर सुधारायचं तरी कशाला. मी नगर जिल्ह्यातला, जन्माने ख्रिस्ती, प्रोटेस्टंट. पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू वगैरे नाही, पण या प्रश्नाने मला खूप छळलंय म्हणून लिहितोय.

आहात तसे जा. सुधारून जाईन म्हणणाऱ्याचा तो दिवस येतच नाही हो.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या १९व्या अध्यायातला जक्कय बघा. यरीहो गावचा मुख्य जकातदार, म्हणजे कर गोळा करणारा, लोक ज्यांना पापी समजत त्यांच्यातला, गडगंज श्रीमंत, अंगाने ठेंगणा, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढून बसला. येशू वर बघून म्हणतो लवकर खाली ये, आज मला तुझ्याच घरी उतरायचंय. तोवर जक्कयाने कसलीच कबुली दिलेली नाही, कुणाचा पैसा परत केलेला नाही आणि लोक कुरकुर करतायत की हा पाप्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. आणि मग जक्कय उठून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. स्वीकार आधी झाला, चौपट नंतर आलं. पण आलं, हे विसरू नका, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

माझं सांगतो. आमच्या चर्चच्या तरुण संघाचा हिशोब माझ्याकडे होता, त्यातले ३,२०० रुपये मी वापरले आणि वहीत खोटा खर्च लिहिला. कुणाला कळलं नाही. पण प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या रविवारी भाकरीचे तुकडे ठेवलेलं ताट माझ्यापर्यंत आलं की मी तसंच पुढे सरकवायचो, द्राक्षारसाचे छोटे पेलेही तसेच. दोन वर्षं. आई शेजारी बसायची, बघायची, एक शब्द बोलायची नाही. शेवटी पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी मला आत बोलावलं, जेवायला बसवलं, बाजरीची भाकरी आणि पिठलं होतं, माझ्यासाठी प्रार्थना केली आणि दारापर्यंत सोडायला आले तेव्हा विचारलं, पैसे कधी आणून देतोस? तीन हप्त्यांत दिले आणि संघापुढे उभं राहून सांगितलं. आधी हिशोब मागितला असता तर मी परत त्या दारात गेलो नसतो.

आमच्याकडे पाप म्हणजे फक्त वाईट कामांची यादी नाही. बायबलच्या नव्या करारात पापासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ नेम चुकणं असा आहे, देवाकडे असलेलं तोंड दुसरीकडे फिरणं. म्हणून पश्चात्ताप म्हणजे नुसतं रडणं नव्हे, परत वळणं. कॅथलिक लोक फादरकडे कबुलीजबाब देतात, आम्ही तसं करत नाही, यावरून शतकानुशतकं वाद झाले, पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबर्गला कॅथलिक आणि लूथरन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) चर्चनी मिळून सही केली की देव आपल्याला स्वीकारतो ते आपल्या पुण्याईमुळे नाही, त्याच्या कृपेमुळे. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

आणि बदल एका दिवसात होतो असंही नाही. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बघितलं की ख्रिस्ती भगिनी, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना किती मायेने वागवतात, हे का म्हणून विचारलं तेव्हा त्यांना येशू विहिरीपाशी जिच्याशी आपणहून बोलला त्या बायबलमधल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली गेली आणि ती त्यांच्या मनात रुतली. १८८३ ला बाप्तिस्मा घेतला. पण पुढे त्यांनी स्वतःच लिहिलंय की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, त्याला पुढे कितीतरी वर्षं लागली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशाच टाकलेल्या बायकांसाठी त्यांनी कृपासदन उभं केलं. रमाबाईंना वर्षं लागली तर तुम्हाला-मला लागणारच ना.

तेव्हा येत्या रविवारी जा, मागच्या बाकावर बसा. दारूसाठी डॉक्टरकडे आणि एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) च्या मीटिंगलाही जा, त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं. घसरलात तर पुढच्या रविवारीही जा. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं ५१वं स्तोत्र, देवाकडे क्षमा मागणारं, मोठ्याने वाचा, मी त्या दोन वर्षांत रात्री तेच वाचायचो.