पदपथावरील गाडी : फलक नसला तरी मनाईच

प्रश्न : आमच्या घरापासून बाजारापर्यंतच्या पदपथावर सकाळपासून गाड्या लावलेल्या असतात. माझे यजमान पांढऱ्या काठीच्या आधाराने चालतात, त्यांना दरवेळी भर रस्त्यात उतरावे लागते. कोणाला विनंती केली, तर ‘इथे नो पार्किंगचा फलक कुठे आहे?’ असे ऐकावे लागते. फलक नसेल तर गाडी लावता येते का? तक्रार कोणाकडे करावी?
— एक वाचक भगिनी, रत्नागिरी

उत्तर : फलक असो वा नसो, पदपथावर गाडी लावता येत नाही. वाहन चालवण्याविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांतच तशी मनाई आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ नुसार पहिल्या वेळी ५०० आणि त्यानंतर १,५०० रुपयांपर्यंत दंड होतो, आणि कलम १२७ नुसार गाडी उचलून नेऊन त्याचा खर्चही मालकाकडून घेता येतो. पदपथावरून निर्धोक चालणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील हक्क आहे आणि पदपथ अपंग व्यक्तींनाही वापरता आले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी, असा रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचा निकष आहे. आडवी लावलेली एकच दुचाकी ती व्यापून टाकते.

मला मात्र दंडापेक्षा मोठी चिंता गटारांची वाटते. आपल्या कोकणातील शहरांत पदपथ पुष्कळदा पावसाळी गटारावर सिमेंटची झाकणे टाकून केलेला असतो. माणसांच्या वर्दळीसाठी बसवलेल्या या झाकणांवर मोटारीचे चाक वारंवार चढले की त्यांना तडे जातात, आणि जुलैत गढूळ पाणी वर आले की फुटलेले झाकण डोळसालाही दिसत नाही. वाहत्या पाण्यात काठीलाही कडा नीट लागत नाही. म्हणून आपल्या यजमानांची अडचण केवळ गैरसोयीची नाही, ती जिवाशी निगडित आहे.

तक्रारी दोन करा. उभ्या गाड्यांविषयी शहर वाहतूक शाखेकडे अर्ज द्या, सोबत गाडीचा क्रमांक, दिनांक व वेळ दिसेल असे छायाचित्र जोडा. फुटलेली झाकणे आणि दुकानदारांनी पदपथावर बांधलेले उतार यांविषयी नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना लिहा. पदपथाच्या तोंडाशी गाडी अडेल, पण चाकाची खुर्ची जाईल इतक्या अंतराने खांब बसवण्याची मागणीही त्यातच करा. दोन्हीकडे पोच घ्या. नगर परिषदेचा अर्ज शक्यतो एप्रिलमध्ये द्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या गटारसफाईत झाकणे उघडली जातील तेव्हाच फुटलेली बदलून घेता येतील.